लिलावातल्या फ्लॅटविषयी, चि. मृण्मयीस

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली डोंबिवलीच्या फ्लॅटची लिलाव नोटीस नीट वाचली. राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली बोली लावता येत नाही ती, 42 लाख पाहून तुझा जीव तिथे गुंतला आहे हे कळते, परंतु आधी ताब्याचा रकाना पाहा. तिथे 'सांकेतिक' असे छापले आहे. म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली, वर्तमानपत्रांत दिली, पण घराचा प्रत्यक्ष ताबा तिच्याकडे नाही आणि आत बहुधा कर्जदाराचे कुटुंब राहत असावे. तो ताबा मिळवण्यासाठी बँकेला सरफेसी कायद्याच्या, म्हणजे थकीत कर्जापोटी गहाण मालमत्ता बँकेला विकू देणाऱ्या कायद्याच्या, कलम 14 खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात मुदत घातलेली असली तरी प्रत्यक्षात ती पाळली जातेच असे नाही, आणि तोवर तुझा हप्ता चालू व घरभाडेही चालूच. माझे मत विचारशील तर पहिल्या खरेदीसाठी प्रत्यक्ष ताबा असलेलीच मालमत्ता बघावी.

कर्जदार ऐनवेळी पैसे भरून घर सोडवील ही तुझी भीती फारशी खरी नाही. याच कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनुसार लिलावाची नोटीस प्रसिद्ध होताच त्याचा तो हक्क संपतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये तसे स्पष्टही केले आहे. खरी अडचण न्यायाधिकरणातल्या दाव्याची असते, म्हणून कर्जवसुली न्यायाधिकरणात या खात्याचे काही प्रलंबित आहे का, हे बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी विचार.

आता पैशांचे. अनामत बहुधा राखीव किमतीच्या दहा टक्के असते, म्हणजे 4 लाख 20 हजार. बोली 45 लाखांवर तुझ्या नावे सुटली, तर त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी अनामत धरून बोलीचे पंचवीस टक्के, म्हणजे 11 लाख 25 हजार भरावे लागतील, आणि उरलेले 33 लाख 75 हजार विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. बँकेने लेखी मान्य केले तर मुदत तीन महिन्यांपर्यंत वाढते, पण त्यावर विसंबू नये, कारण रक्कम चुकली की भरलेले पैसे जप्त होतात. गृहकर्ज मंजूर व्हायला पंधरा दिवस अनेकदा पुरत नाहीत, म्हणून कर्ज देणाऱ्या बँकेशी बोलणे बोलीच्या आधीच पुरे झाले पाहिजे. मुद्रांक शुल्क वेगळे.

'जे आहे, जसे आहे, जेथे आहे' या शब्दांत सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर आणि वीजबिल बहुधा खरेदीदाराच्या गळ्यात येते. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून थकबाकीचा आकडा कागदावर घे. तोंडी सांगितलेला आकडा पुढे हमखास वाढतो. वकिलांकडून सूची दोनचा, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या खरेदीविक्रीच्या नोंदींचा, तीस वर्षांचा शोध आणि सरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदणीत दुसरा बोजा आहे का, हेही पाहून घे.

ई-लिलावात अखेरच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप पुढे सरकते आणि माणूस चढत जातो. थकबाकी वजा करून तुझी कमाल रक्कम आधीच लिहून ठेव, आणि सोसायटीचे पत्र हातात येईपर्यंत अनामत भरू नकोस.

तुझे,
बाबा