गेलेल्याच्या जागी

प्रिय श्रीकांत,

तुझं पत्र येऊन आज नऊ दिवस झाले. उत्तर त्याच रात्री लिहायला घेतलं होतं, पण सांत्वनाची दोन वाक्यं लिहून हात थांबला. सर गेले हे मलाच अजून पटलेलं नाही, तर तुझी समजूत काय घालणार? तू मात्र पत्राच्या शेवटी, समासात, एक प्रश्न लिहिला आहेस. "ज्यांच्यामुळे एवढे मोठे धर्म उभे राहिले ती माणसंही एक दिवस गेलीच ना? मग दुसऱ्या दिवशी त्यांच्या लोकांनी काय केलं?" सर असते तर या प्रश्नावर चष्मा काढून बाजूला ठेवला असता आणि संध्याकाळ तिथेच संपली असती. ते नाहीत, म्हणून नऊ दिवस मीच तो घेऊन बसलो आहे. जे सापडलं ते जसंच्या तसं लिहितो.

धर्मांची गोष्ट आपण नेहमी पहिल्या दिवसापासून सांगतो. बोधिवृक्ष, सिनाय पर्वत, हिरा गुहा. त्या दिवसाचं मोल मी कमी करत नाही. पण तुझ्या प्रश्नामुळे दुसऱ्या टोकाकडून पाहायला लागलो, आणि वाटलं की माणूस गेल्यावर त्याच्या रिकाम्या जागी लोकांनी काय ठेवलं, यात त्या श्रद्धेचं सारं मर्म आहे. प्रत्येकाने वेगळं काही ठेवलं. कॉलेजात आपण "सगळे धर्म शेवटी एकच सांगतात" म्हणून वाद मिटवायचो, ते आता माझ्याने म्हणवत नाही.

आनंदापासून सुरुवात करतो, कारण तुझं पत्र वाचताना मला तोच दिसत होता. पंचवीस वर्षं बुद्धांच्या सेवेत राहिलेला हा भिक्षू. कुशीनगरला दोन सालवृक्षांच्या मध्ये बुद्ध शेवटचे पहुडले होते, तेव्हा आनंद विहारात गेला आणि दाराला धरून रडत उभा राहिला. "मी अजून शिकतोच आहे, माझं अजून झालेलं नाही, आणि माझे शास्ते, माझे गुरू, चालले." बुद्धांनी त्याला बोलावून घेतलं. जे जे प्रिय आहे त्याच्यापासून वियोग होतोच, हे मी तुम्हाला सांगत आलो नाही का, असं विचारलं, आणि मग सगळ्यांसमोर त्याच्या सेवेचं कौतुक केलं. आपल्यानंतर कोण, याचं उत्तर त्यांनी स्वच्छ दिलं: मी जो धम्म आणि विनय, म्हणजे भिक्षूंचे नियम, शिकवला, तोच माझ्यानंतर तुमचा शास्ता. वारस म्हणून माणूस नेमला नाही. त्यांच्या शिकवणीत स्थिर, न बदलणारा "मी" असा काही नाहीच. दुःख आहे, त्याचं मूळ तृष्णेत आहे, ते थांबू शकतं आणि थांबवण्याचा आठ अंगांचा मार्ग आहे. मग गेलेल्याच्या जागी ठेवायला मार्गाखेरीज दुसरं काय असणार?

पण मार्ग हवेत राहत नाही. महापरिनिर्वाणाची बातमी ऐकून सुभद्द नावाचा एक म्हातारा भिक्षू म्हणाला, बरं झालं, आता "हे करा, ते करू नका" सांगणारं कोणी उरलं नाही. ज्येष्ठ भिक्षू महाकश्यपांनी हे ऐकलं आणि ठरवलं की सगळं एकदा एकत्र बसून म्हणून घ्यायचं. राजगृहाला पाचशे भिक्षूंची संगीती, म्हणजे सभा, भरली. परंपरा सांगते की तिथे बसण्यासाठी अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेला, असणं आवश्यक होतं आणि आनंद तोवर अर्हत झालेला नव्हता. आदली सगळी रात्र त्याने प्रयत्न केला. पहाटे दमून आडवा व्हायला गेला. पाय जमिनीवरून उचलले होते, डोकं उशीला टेकायचं होतं, आणि त्या मधल्या क्षणी त्याचं मन मुक्त झालं. दुसऱ्या दिवशी उपाली नावाच्या भिक्षूने विनय सांगितला आणि आनंदाने धम्म. त्याचं प्रत्येक सुत्त, म्हणजे बुद्धांचं प्रवचन, एकाच शब्दांनी सुरू होतं: "एवं मे सुतं." असं मी ऐकलं. मग कुठे ऐकलं, भगवान तेव्हा कोणत्या गावी होते, कोणाशी बोलत होते. हेच सत्य आहे, असा दावा तो करत नाही. ऐकलं एवढंच म्हणतो. या तीन शब्दांपाशी मी दोन दिवस अडकून होतो.

जैन परंपरेत याच्या अगदी जवळची एक गोष्ट आहे, पण तिचा रोख वेगळा. महावीरांचा पट्टशिष्य इंद्रभूती गौतम. त्याच्या कितीतरी मागून आलेल्यांना केवलज्ञान, म्हणजे संपूर्ण ज्ञान, झालं, त्याला होईना, कारण महावीरांवरचा त्याचा जीव. पावापुरीला निर्वाण झालं तेव्हा तो जवळही नव्हता. महावीरांनीच त्याला उपदेशासाठी दुसरीकडे पाठवलं होतं. परतताना बातमी कळली आणि तो लहान मुलासारखा रडला. मला या वेळी दूर का केलंत? रडता रडता त्याला उमगलं की वीतराग म्हणजे ज्याला कशाचीच ओढ नाही, त्याच्यावर मी ओढ ठेवून बसलो आहे. श्वेतांबर परंपरेनुसार त्याच रात्रीच्या अखेरीस त्याला केवलज्ञान झालं. प्रत्येक जीव स्वतःच्या कर्माने बांधलेला आणि स्वतःच्याच पराक्रमाने सुटणारा. तीर्थंकर वाट दाखवतो, कोणाला उचलून पलीकडे नेत नाही. इथे रिकामी जागा रिकामीच राहू दिली आहे. मला हे झेपत नाही, हे तुला प्रामाणिकपणे सांगतो. पण त्यापुढे हात जोडले जातात.

आता मदिना, इसवी सन ६३२. पैगंबर मुहंमद पत्नी आयेशांच्या खोलीत वारले. बाहेर त्यांचे सोबती उमर कोणाला ऐकत नव्हते; ते गेलेले नाहीत, परत येतील, असं म्हणत होते. एवढा खंबीर माणूस! दुसरे सोबती अबू बक्र आत गेले, चेहऱ्यावरची चादर सारून त्यांनी कपाळाचं चुंबन घेतलं, बाहेर आले आणि म्हणाले: जो मुहंमदांची उपासना करत होता त्याने समजून घ्यावं, मुहंमद गेले. जो अल्लाहची उपासना करतो त्याला सांगतो, अल्लाह जिवंत आहे, त्याला मरण नाही. मग त्यांनी कुराणातली आयत म्हटली की मुहंमद हे केवळ प्रेषित आहेत, त्यांच्या आधीही प्रेषित होऊन गेले. उमर नंतर सांगत की ती आयत ऐकली आणि पाय माझा भार पेलेनात. आयत त्यांना नवी नव्हती. त्या दिवशी ती पहिल्यांदा कानात शिरली.

"अल्लाहशिवाय दुसरा उपास्य नाही आणि मुहंमद त्याचे प्रेषित आहेत" या साक्षीचे दोन्ही अर्धे भाग त्या एका उद्गारात आहेत. प्रेषितावर जीव ओवाळावा, पण त्याची पूजा करू नये. रिकाम्या जागी ठेवला गेला तो ग्रंथ, आणि तोही मुहंमदांचे शब्द म्हणून नव्हे, ईश्वराचे शब्द म्हणून. पुढे यमामाच्या लढाईत कुराण तोंडपाठ असलेले अनेक जण पडले, तेव्हा उमरनी ते एकत्र करण्याचा आग्रह धरला. अबू बक्र कचरले: जे पैगंबरांनी केलं नाही ते मी कसं करू? शेवटी काम आलं तरुण झैद इब्न साबितकडे. तो म्हणतो, मला डोंगर हलवायला सांगितला असता तरी एवढा जड वाटला नसता. खजुराच्या फांद्यांवरून, पातळ दगडांवरून, माणसांच्या छातीतून त्याने आयती गोळा केल्या. "माणसांच्या छातीतून" हे शब्द त्याचेच. त्याच दिवसांत नेतृत्व कोणाकडे जावं यावर मतभेद झाला आणि सुन्नी-शिया ही वाट तिथून फुटू लागली. ६८० मध्ये करबल्यात मुहंमदांचे नातू हुसैन मारले गेले, त्या जखमेचा शोक आजही दरवर्षी होतो.

ख्रिस्ती लोकांचं उत्तर या सगळ्यांहून वेगळं, आणि मला वाटतं सर्वांत धाडसी. इसवी सन ३० च्या आसपास रोमन सुभेदार पाँटियस पायलटच्या हुकुमाने येशूला क्रुसावर चढवलं. शिष्य पळाले. तिसऱ्या दिवशी काही स्त्रिया कबरीपाशी गेल्या आणि कबर रिकामी होती. मार्कचं शुभवर्तमान चारांतलं सर्वांत जुनं मानतात, आणि त्याच्या सर्वांत जुन्या पूर्ण प्रती त्या स्त्रियांच्या पळून जाण्यावर संपतात: त्या भ्याल्या होत्या म्हणून त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. या शेवटाने माझ्या अंगावर काटा येतो. बाकीच्यांनी गेलेल्याच्या जागी काहीतरी ठेवलं. यांनी म्हटलं, तो गेलेलाच नाही. शुभवर्तमानं लिहिली जाण्याच्या आधी पौलाने करिंथकरांना पत्र लिहिलं, त्यात तो म्हणतो की मला जे मिळालं तेच तुमच्या हाती दिलं: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. सगळा धर्म या ओळीवर उभा आहे. येशूने सांगितलेली क्षमा आणि शत्रूवरची प्रीती त्यातच येते, पण ती ज्याने सांगितली तो स्वतः हजर आहे, भाकर मोडताना, द्राक्षारस घेताना, ही त्यांची श्रद्धा. हा जो हजर आहे तो नक्की कोण, याचा निवाडा करायला ३२५ मध्ये निकियाला परिषद भरवावी लागली.

ज्यू लोकांचं तर माणसापेक्षा घरच गेलं. इसवी सन पूर्व ५८६ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेमचं मंदिर पाडलं, लोकांना धरून नेलं. पुन्हा बांधलेलं मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जाळलं. एका ईश्वराशी केलेला करार, आणि त्या कराराचे यज्ञ जिथे व्हायचे ती एकच जागा. ती गेल्यावर काय? त्यांच्या परंपरेत एक गोष्ट आहे. योहानान बेन झक्काई आपल्या शिष्याबरोबर त्या भग्नावशेषांजवळून जात होते. शिष्य यहोशुआ रडू लागला, जिथे आमच्या पापांचं क्षालन व्हायचं ती जागाच उरली नाही. योहानान म्हणाले, बाळा, शोक करू नकोस, आपल्याकडे तितकंच समर्थ दुसरं प्रायश्चित्त आहे: दयेची कृत्यं. आणि होशेय संदेष्ट्याचं वचन म्हटलं, "मला यज्ञ नको, दया हवी." पुढे वेदीच्या जागी घरातलं जेवणाचं मेज आलं, बळीच्या जागी प्रार्थना, आणि सगळ्यांच्या केंद्रस्थानी अध्ययन. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री आजही म्हणतात की प्रत्येक पिढीतल्या माणसाने स्वतःच मिसरमधून बाहेर पडल्याप्रमाणे स्वतःकडे पाहावं.

तुला शीख गुरूंबद्दल सांगायलाच हवं, कारण त्यांनी तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीपासून तयार ठेवलं होतं. नानकांनी १५३९ मध्ये जाण्यापूर्वी मुलांना बाजूला ठेवून लहणा नावाच्या शिष्याला गादी दिली आणि त्याचं नाव अंगद ठेवलं. माझंच अंग. दहा देह, ज्योत एक. १६०४ मध्ये गुरू अर्जुनांनी वाणी एकत्र केली, तीत कबीर आणि शेख फरीद आले, आपले नामदेवही आले, एकसष्ट पदांसह. आणि १७०८ मध्ये नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरू केलं. एकच ओंकार, सत्य ज्याचं नाव, त्याला रूप नाही. मग शब्दच गुरू असणं ओघाने आलं. ग्रंथ उघडतात आणि मिटतात ते एखाद्या जिवंत वडीलधाऱ्याला उठवावं, निजवावं तसं. मला त्यात फार माया दिसते.

चीनकडे वळलो तेव्हा एकच चित्र मनात राहिलं. कन्फ्यूशियस इसवी सन पूर्व ४७९ मध्ये गेले. शिष्यांनी बापासाठी पाळावा तसा तीन वर्षं शोक पाळला आणि ते निघाले. जाताना एकमेकांकडे पाहून इतके रडले की आवाज बसले. त्झकुंग मात्र परत फिरला, कबरीजवळ झोपडी बांधून आणखी तीन वर्षं एकटा राहिला. माणुसकी आणि रीत, हे त्यांच्या गुरूचं शिकवणं. ते त्याने असं करून दाखवलं.

आणि आपलं? वैदिक परंपरेला असा एक संस्थापक नाही, म्हणून असा एक दुसरा दिवसही नाही. वेद अपौरुषेय, कोणा माणसाने केलेलेच नाहीत. ते टिकले ते पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ असे शब्द उलटसुलट गुंफून पाठ करणाऱ्या कंठांमुळे. पण निरोप तिथेही आहे. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आहेत आणि दोन बायकांत वाटणी करायला बसले आहेत. मैत्रेयी विचारते, ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू? तुम्हाला जे माहीत आहे तेच मला सांगा. मग याज्ञवल्क्य तिला बसवून सांगतात की पतीसाठी पती प्रिय नसतो, आत्म्यासाठी पती प्रिय असतो. तो आत्मा पाहावा, ऐकावा, त्याचं मनन करावं. जाणारा माणूस दारात आहे आणि ती वाटणीत आत्मज्ञान मागते आहे. मैत्रेयीने मागितलं म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचलं, असं मला वाटतं.

श्रीकांत, शेवटच्या महिन्यांत सरांजवळ तू होतास. मी नव्हतो, आणि ते मला फार लागलं आहे. एक मागतो. जे आठवतं ते लिहून ठेव. त्याचा अर्थ लावू नकोस, नीटनेटकंही करू नकोस. कुठे बसला होता, आणखी कोण होतं, सर काय म्हणाले, एवढंच. मैत्रेयीचा प्रश्न सरांनी आपल्याला पहिल्यांदा म्हणून दाखवला ती रात्र मला आठवते. गच्चीवर आपण तिघंच होतो, अंधार होता, तू भिंतीला टेकून बसला होतास. "येनाहं नामृता स्याम्" म्हणून ते थांबले, आणि मग बराच वेळाने काहीतरी बोलले. ते काय होतं, खूप आठवून पाहिलं, मला येत नाही. तुला आठवतं का?

तुझा,
माधव