परड्यातल्या पिसवा, या रविवारी सगळ्यांनी मिळून
मंडळी, पाऊस उघडला तरी रंकाळ्याकडच्या आपल्या गल्लीतली ओल काय हटंना आणि परड्यात पिसवा लई झाल्यात, पोरांच्या घोट्यांवर लाल पुरळ बघून जीव तुटतो. नुसती कुत्र्याला आंघोळ घालून भागत नाही बघा, कारण मादी दिवसाला 40-50 पर्यंत अंडी घालते आणि ती अंगावर टिकत नाहीत, कुत्रं जिथं सावलीला बसतं तिथंच मातीत गळतात, आळ्या पण तिथंच वाढतात.

तर रविवारी सकाळी गवत कापा, पालापाचोळा, जुनी पोती, लाकडं हलवा, जमिनीला कडक ऊन लागू द्या, आळ्यांना ते सोसत नाही. कुत्र्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवा. फवारणी केली तर दोन आठवड्यांनी परत करा, कोषातल्या पिसवांपर्यंत औषध पोचत नाही.

आणि प्लीज, कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजर दगावू शकतं, आधी जनावरांच्या डॉक्टरना विचारा. एकाच घरानं करून उपयोग नाही, कुत्री-मांजरं सगळ्यांच्याच परड्यात फिरतात. कोण कोण येणार ते आजच ग्रुपवर टाका.