मावशी, अण्णांच्या पायातला काटा तुम्ही काढलात

मावशी,

तुमचं नाव मला माहितीये पण इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडेल की नाही कुणास ठाऊक. तुमचा नातू फोनवर वाचून दाखवेल म्हणून लिहितेय. तीन महिने रोज लिहायला घेते आणि दोन ओळींवर थांबते. आज अण्णांची काठी माळ्यावर ठेवायला घेतली तर तिच्या टोकाला तुमच्याकडची माती अजून तशीच चिकटलेली, मग ठरवलं की आता लिहायचंच.

माझे वडील, अण्णा, ७४ वर्षांचे होते. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. तरुणपणापासून दर श्रावणात त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराभोवतीची फेरी, तीही अनवाणी. तिसऱ्या सोमवारी इतकी गर्दी असते की त्यांना आता धक्काबुक्की सोसायची नाही, म्हणून तो सोमवार उलटल्यावर मधल्याच एका दिवशी आम्ही दोघंच निघालो, छोटी फेरी, वीसेक किलोमीटरची. भाऊ नको म्हणत होता, मीच हट्टाने नेलं. हे आधीच सांगून टाकते कारण नंतर सगळ्यांनी मला तेच ऐकवलं.

सकाळी कुशावर्तावर डोक्यावर पाणी घेतलं, प्रयागतीर्थाला हात जोडले, पहिनेपर्यंत अण्णा मस्त बोलत होते. दरवर्षी सांगायची ती गोष्ट याही वर्षी सांगितली, की निवृत्तीनाथ लहान असताना आईवडिलांबरोबर याच फेरीला आले होते, वाघ आडवा आला, सगळे पांगले, आणि चुकलेला निवृत्ती एका गुहेत शिरला तर तिथे त्याला गहिनीनाथ भेटले. मग पाण्याची गोष्ट. ब्रह्मगिरीच्या त्या अंगाला पडलेला पाऊस गोदावरी होऊन पार पूर्वेच्या समुद्राला जातो आणि ह्या अंगाचा वैतरणेला मिळून पश्चिमेला, एकच डोंगर पण दोन समुद्रांना पाणी देतो. हे सांगताना त्यांना दरवेळी नवीन सांगितल्यासारखा आनंद व्हायचा.

पुढे चढावर ते दगडावर बसले. म्हणाले घाम येतोय गं. पाऊस चालू, हवा गार, आणि यांना घाम, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी बाटली काढेपर्यंत ते कलंडले. फोनला एक दांडी यायची आणि जायची, कॉल लागतच नव्हता.

तुम्ही येण्याआधी तिथून माणसं गेली, मावशी. हे तुम्हाला कधी बोलले नाही. धबधब्यावरून परतणारी चारपाच मुलं थांबली, एकाने फोन वर धरला, मला वाटलं रेंज शोधतोय, तो शूटिंग करत होता. मग फेरीचेच दोघं आले, गळ्यात माळा, एकजण वाकून बघून म्हणाला, यांनी राम म्हटलाय ताई, पोलिसांना कळवा. मी म्हणलं थांबा ना जरा, मी एकटी आहे. तर म्हणाले आमची फेरी मोडेल. आणि गेले. त्या शब्दाचा राग अजून माझ्या पोटात तसाच आहे, जाईल असं वाटत नाही. पुण्य कमवायला निघालेल्या माणसाला वाटेत पडलेला माणूस अडचण वाटतो, याला काय म्हणायचं.

मी अण्णांची छाती दाबत होते. शिकलेलं काही नव्हतं, नुसतं टीव्हीवर बघितलेलं, किती वेळ दाबत होते तेही माहीत नाही. धुक्यातून आधी शेळ्या आल्या, मग तुम्ही, डोक्यावर इरलं, मागे नातू. तुम्ही एक नजर टाकली आणि त्याला पाड्यावर पळवलं, माणसं घेऊन ये म्हणून. मग माझे दोन्ही हात धरलेत. "बास पोरी. तू दमलीस. ते बी दमले." एवढंच. ते गेले का म्हणून मी विचारलं नाही आणि तुम्हीही बोलला नाहीत. तुम्ही त्यांचे डोळे मिटलेत आणि इरलं काढून त्यांच्या तोंडावर पाऊस लागणार नाही असं टेकवून ठेवलंत, आणि स्वतः भिजत बसलात.

पण मला रात्री झोपेतून उठवतं ते वेगळंच. थोड्या वेळाने तुम्ही माझ्या हातातली बाटली घेऊन ओहोळावर गेलात. मला वाटलं मला प्यायला पाणी आणताय. तुम्ही अण्णांच्या पायाशी बसलात आणि त्यांचे पाय धुवायला लागलात. तीनदा बाटली भरून आणलीत. घोट्यापर्यंत चिखल होता, तो बोटांच्या बेचक्यातूनसुद्धा काढलात. म्हणालात, घरी जायाचंय ना त्यांना, असं चिखलाचं पाय घेऊन कसं जातील. डावी टाच धुताना तुमचा हात थांबला. काटा होता आत, चांगला रुतलेला. तुम्ही बांगडीची पिन काढलीत, पाय मांडीवर घेतलात आणि जिवंत माणसाचा काढावा तसा हळूहळू, कातडी ताणून धरून काटा काढलात. मग अंगठ्याने टाच दाबलीत आणि म्हणालात, दिसभर दुखलं आसंल म्हाताऱ्याला.

मावशी, मी त्यांच्याबरोबर सकाळपासून चालत होते. ते डाव्या पायाने जरा लंगडत होते हे मी बघितलं होतं आणि गुडघा असेल म्हणून सोडून दिलं होतं. विचारलंच नाही. तुम्ही ज्यांना कधी भेटला नाहीत त्यांचं दुखणं तुम्हाला ते गेल्यावर कळलं. तोपर्यंत मी रडले नव्हते. तेव्हा रडले. तुम्ही मला थांब म्हणाला नाहीत, पदराने त्यांचे पाय कोरडे करत राहिलात, पाऊस चालू असताना.

नंतर पाड्यावरची माणसं आली, बांबूला गोधडी बांधून डोली केली. तुमच्याकडे पावसाळ्यात आजारी माणूस, बाळंतीण, सगळ्यांना असंच रस्त्यापर्यंत आणावं लागतं हे मी पेपरात वाचलं होतं, वाचून पान उलटलं होतं. ज्यांच्या स्वतःच्या दारापर्यंत गाडी येत नाही ती माणसं माझ्या बापाला खांद्यावर घेऊन निसरड्या उतारावरून चालत होती आणि एकाचाही खांदा कुरकुरला नाही. कुणी आमचं आडनाव विचारलं नाही. भावाने पैसे पुढे केले तर त्यांनी हात मागे घेतले, टपरीवरचा चहा तेवढा घेतला. पंचनामा, सिव्हिल, ते पुढचं सगळं लिहीत नाही, तो वेगळाच ताप होता.

घरी आल्यावर लोक भेटायला यायचे आणि हळूच म्हणायचे, रानात गेले हो, मुलगा जवळ नाही, तोंडात गंगाजळ नाही. काहीजण माझ्यासमोर म्हणाले. पहिले काही दिवस मी ऐकून घेतलं. बाराव्याला गुरुजींनी वैतरणी पार करायला गोदान लागतं म्हणून सांगितलं, आम्ही केलं यथाशक्ती, पण मी तिथे बसल्या बसल्या विचार करत होते की त्या उताराचं पाणी वैतरणेला जातं असं अण्णाच सांगायचे, आणि त्याच पाण्याने तुम्ही त्यांचे पाय धुतलेत. अस्थी रामकुंडात सोडल्या तेव्हाही मला तुमची ती बाटलीच आठवत होती. त्यानंतर कुणी रानात एकटे गेले म्हणालं की मी सांगते, एकटे नव्हते. पाय मांडीवर घेऊन बसणारं माणूस होतं त्यांच्याजवळ. हॉस्पिटलात नळ्या लावून काचेपलीकडे गेलेल्या कितीजणांना ते मिळत नाही.

तुम्ही दीडदोन तास माझ्यापाशी बसलात. मी म्हणलं तुम्ही जा, अंधारेल, शेळ्या पांगतील, बिबट्या फिरतो म्हणतात. तर म्हणालात, मयताला आन लेकीला एकलं टाकून जात्यात व्हय कुठं. जसं काही हे सगळ्यांनाच माहीत असतं.

अण्णांचं इरलं घ्यायचं राहून गेलं होतं, म्हणजे तुमचं इरलं, डोलीबरोबर खाली आलं आणि आमच्या गाडीत राहिलं. ते माझ्याकडे नीट आहे, संक्रांतीनंतर घेऊन येते. आई पण येणार म्हणतेय, तिला तुम्हाला बघायचंय. तुमच्यासाठी लुगडं घेतलंय, नको म्हणू नका, आईने स्वतः निवडलंय.

आणि एक विचारायचं होतं. आम्ही डोली घेऊन निघालो तेव्हा नातू म्हणत होता की एक काळी शेळी दिसत नाहीये, गाभण होती. तुम्ही त्याला गप्प केलंत माझ्यासमोर. ती सापडली का, मावशी?

तुमची,
अण्णांची मुलगी
सिडको, नाशिक