मुरबाडला कोणती पुस्तकं न्यायची

नौपाडा, ठाणे

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

मुरबाडला कोणती पुस्तकं नेऊ, असं विचारलं होतंस. थोडीच पाठवतोय. त्यातलं प्रत्येक उघडताना आधी बघ, ते कुठल्या मातीत आणि कुठल्या पावसात लिहिलंय. तुझ्या पाड्यांवर सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, पुढे सगळं कोरडं. हे ध्यानात घेतलं नाही तर चांगल्या पुस्तकानेही लोकांचं नुकसान होतं, आणि एक हंगाम वाया घालवण्याची त्यांची ऐपत नसते.

घरांसाठी वास्तुविशारद लॉरी बेकर यांची ‘मड’ ही पुस्तिका. त्यांचं काम मुख्यतः केरळातलं, म्हणजे जांभा आणि मुसळधार पाऊस; आपल्या कोकणाच्या जवळचं. चित्रंही त्यांच्याच हातची, गवंड्याला पान उघडून दाखवता येतं. मातीच्या भिंतीला पाऊस वरून मारतो त्याहून खालून जास्त मारतो: पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून उडतं आणि भिंतीचा तळ खातं. म्हणून दगडी जोतं किमान दीड फूट, आणि छपराची पाख दोन-अडीच फूट बाहेर. इथे हात आखडला की पुढची मेहनत फुकट. जिथे कारवीच्या काठ्यांची भिंत, म्हणजे कूड, शेणामातीने लिंपलेला आहे, तिथे विटेची घाई करू नकोस. कूड कुजतो तो बहुधा तळाशी, आणि जोतं उंच केलं की तो बराच टिकतो.

विटाच पाडायच्या असतील तर माती बाटलीत तपास. एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. खूप हलवून ठेवून दे. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा म्हणजे बारीक गाळ अर्ध्या-एक तासात, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत. चिकणमातीचा थर एकूण मातीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असेल तर यंत्रावर दाबलेल्या विटांना ती चालते. तिसऱ्या हिश्श्यावर गेला तर विटा वाळताना तडकतात, वाळू मिसळावी लागते. काळी माती घेऊच नकोस. ओली झाली की फुगते, वाळली की फाटते. सिमेंट ५ टक्के, म्हणजे १ टन कोरड्या मातीला ५० किलोची एक गोणी. कालवलेला माल तासाभरात संपवायचा आणि विटा ३-४ आठवडे ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या. विटा कच्च्या राहतात त्या इथेच, कारण पाणी लांबून आणावं लागतं आणि आठवड्याभरात हात ढिला पडतो.

इजिप्तचे वास्तुविशारद हसन फथी यांचं ‘आर्किटेक्चर फॉर द पूअर’ बांधकामासाठी वाचू नकोस. इजिप्तच्या कोरड्या हवेतले मातीचे घुमट आपल्या पावसात उभे राहायचे नाहीत. गुर्ना गावच्या लोकांना फथींनी बांधलेल्या नव्या घरांत का जायचं नव्हतं, तेवढ्यासाठी मात्र सावकाश वाच.

खताचं प्रकरण जास्त नाजूक. पुसदच्या पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत पुस्तिकेत सोपी दिसते: १० × ६ × ३ फुटांचं, भिंतीत भोकं ठेवलेलं विटांचं टाकं. ६ इंच काडीकचरा, त्यावर १२५-१५० लिटर पाण्यात कालवलेलं ४-५ किलो शेण, त्यावर ५०-६० किलो चाळलेली माती, असे ११-१२ थर. वरून शेणामातीने लिंपायचं. १५-२० दिवसांत ढीग खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरायचा. ३-४ महिन्यांत खत तयार. पण एका टाक्याला जवळजवळ दीड टन काडीकचरा लागतो. विदर्भात तुरीच्या-कपाशीच्या काड्या असतात; मुरबाडला पेंढा गुरांना जातो आणि शेण-पालापाचोळा राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजायला, जाळला जातो. आधी राबाला पर्याय दे, मग टाक्याचं बोल. टाकं पावसाळ्यात भरलंस तर पाणी साचून ते आंबेल, घाण सुटेल. भातकापणीनंतर भर, आणि फेब्रुवारीपासून भोकांतून पाणी मारत राहा. कोरडं पडलं की कुजणं थांबतं.

राबाला पर्याय चारसूत्री भातशेतीच्या पुस्तिकेत आहे. रोपवाटिकेत राब न जाळता भाताच्या तुसाची काळी राख, दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, मातीत मिसळायची. तिच्यातल्या सिलिकामुळे रोपं दणकट होतात. चिखलणीआधी गिरिपुष्पाचा पाला गाडायचा. लावणी १५-२५ सेंटिमीटरच्या जोड ओळींत, आणि रोपांच्या चार चुडांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपी या रासायनिक खतांची २.७ ग्रॅमची एक गोळी ७-१० सेंटिमीटर खोल. खत वर फेकलं तर पहिल्याच जोराच्या सरीत वाहून जातं, म्हणून खोल. ही पूर्ण सेंद्रिय पद्धत नव्हे, पण खताचा खर्च वाचतो आणि पालापाचोळा जळायचा थांबतो. तिथल्या लोकांसाठी मला ती सगळ्यात मोलाची वाटते.

जपानी शेतकरी फुकुओकांचं ‘एका काडातून क्रांती’ तू वाचशीलच. त्यांच्याकडे भातानंतर जवासारखी हिवाळी पिकं येतात. तुझ्याकडे त्या जागी वाल, तोही शेतात ओल आहे तोवर पेरलेला. त्यांच्यासारखं शेतात काड पसरून ठेवलंस तर मोकाट गुरं ते खाणार. कुंपणाचं गावाशी ठरल्याशिवाय तो प्रयोग करू नकोस.

श्री. अ. दाभोळकरांच्या शेतीवरच्या ‘विपुलाच सृष्टी’च्या दोन प्रती ठेवल्यात. एक बचतगटाला दे. रोपवाटिकेच्या राखेसाठी तूस भातगिरणीवर मिळेल, पण आत्ताच सांगून ठेव आणि मे संपायच्या आत कोरड्या जागी गोण्या भरून घे. उघड्या ढिगाला आग लावून सोडून देऊ नकोस, राख पांढरी पडते. काळी असतानाच पाणी मारून विझव.

तुझे,
बाबा