पेनड्राइव्ह पाठवतेय, पण त्यावरून मशीन सुरू करू नका

पुणे,
१६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

काका उद्या रात्रीच्या गाडीने देवरुखला निघतायत. त्यांच्याजवळ आईच्या गुडघ्यांचं तेल, माझ्याकडे राहून गेलेला चकलीचा सोऱ्या आणि एक पेनड्राइव्ह दिलाय. पेनड्राइव्हला लाल दोरा बांधलाय, म्हणजे तो बाबांच्या भजनांच्या पेनड्राइव्हमध्ये मिसळणार नाही. त्यात विंडोज ११ आहे.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेलच. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर बाबा ते त्याच कॉम्प्युटरवर उघडून वाचत बसले असते, आणि या कामात कॉम्प्युटर मध्येच स्वतःहून बंद होऊन परत चालू होतो. तेव्हा पुढचं कुठे वाचणार? कागद बरा. चष्म्याच्या डबीखाली ठेवा.

बाबा, दिवाळीत तुम्ही विचारलंत, "चालतंय ना व्यवस्थित, मग हात कशाला लावायचा?" प्रश्न बरोबर होता, मीच घाईत उडवून लावला. विंडोज १० आलं २०१५ च्या जुलैत. मायक्रोसॉफ्टने त्याची सुरक्षेची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच ठेवली होती. आता त्यात नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येणार नाही. एक वर्षाची मुदतवाढ घेता येते, पण तीही पुढच्या ऑक्टोबरात संपेल. मशीन बंद पडणार नाही, उद्याही चालेल, परवाही चालेल. पण तुम्ही पेन्शन आणि बँकेचं सगळं त्याच मशीनवर बघता, म्हणून मला घोर.

बाजारपेठेतल्या दुकानात "हे मशीन अकराला चालत नाही, नवीन घ्या" असं सांगितलं, ते अर्धंच खरं होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची गोष्ट लागते. चाव्या सांभाळणारी तिजोरीच म्हणा. तुमचं मशीन २०१९ चं, आठव्या पिढीच्या प्रोसेसरचं. तिजोरी त्यात होती, फक्त बंद करून ठेवलेली. भाऊबीजेच्या दुपारी तुम्ही झोपला होतात तेव्हा मी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन ती चालू केली. त्यानंतर तपासणीत सगळं हिरवं आलं. रॅम आधीच ८ जीबी आहे, सी ड्राइव्हमध्ये ७० जीबी मोकळी आहे. नवीन मशीनचे पैसे वाचले, त्यातून आईचे दात करून घ्या.

मग तेव्हाच का नाही केलंस, हा तुमचा पुढचा प्रश्न. पाच जीबीहून जास्त उतरवायचं होतं आणि आपल्याकडे मोबाइलच्या नेटवर रात्रभरात जेमतेम तिसरा हिस्सा आला. म्हणून इथून भरून पाठवतेय. दुसरंही एक कारण आहे. ते खाली लिहिते.

आता मुख्य गोष्ट. पेनड्राइव्ह लावून मशीन बंद करून त्यावरून सुरू करायचं नाही. तुमचा हात तिकडेच जाणार, म्हणून पाकिटावरही लाल पेनाने लिहिलंय.

तुमची सवय कुठली ते मला माहीत आहे. ऑफिसात विंडोज ९५ आलं तेव्हा तेरा फ्लॉप्या होत्या. एक संपली की दुसरी घाला, आणि अकरावी खराब निघाली म्हणून तो माणूस दुसऱ्या दिवशी परत आला. ही गोष्ट तुम्ही इतक्या वेळा सांगितलीत की ती खराब फ्लॉपी मी स्वतः पाहिल्यासारखी वाटते. नंतर घरच्या मशीनवर एक्सपी आलं. सीडी घाला, मशीन परत चालू करा, काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली की कुठलंही बटण दाबा. मग निळा पडदा, एफ८ दाबून सगळं मान्य, सी फॉरमॅट. पंचवीस अक्षरांची किल्ली तुम्ही पंचांगाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचात आणि दरवर्षी नवीन पंचांगात उतरवून घ्यायचात. त्या काळात विंडोज टाकायचं म्हणजे आधीचं सपाट करायचं, हेच आपल्या डोक्यात बसलं.

यावेळी तसं नाही. मे महिन्यात आपण कौलं परतायचो तेव्हा घर कुठे रिकामं करायचो? आजी माजघरात जात्यावर बसलेली असायची, वर दोघं जण फुटकी कौलं काढून नवीन लावत असायचे. हे तसंच काम आहे. त्याला एकच अट: विंडोज १० चालू असतानाच, आत बसून, हे सुरू करायचं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं तर तो फक्त नवीन घर बांधायला तयार असतो. जुनं ठेवून वरचं बदलण्याचा पर्याय तिथे मिळतच नाही. पेनड्राइव्ह तोच, फाइली त्याच, फक्त दार कुठलं उघडलंत यावर सगळं अवलंबून.

हे मला २०१६ च्या मे महिन्यात माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणणंही सोयीचं आहे. मला दोन दिवसांत परत जायचं होतं आणि विंडोज ७ वरून १० वर फुकट जायची मुदत जुलैअखेर संपणार होती. मी डीव्हीडीवरून मशीन सुरू केलं. त्या पडद्यावर सी, डी अशी नावं दिसत नाहीत. नुसते आकडे दिसतात, पार्टिशन एक, दोन, तीन, आणि समोर किती जीबी ते. आपल्या जुन्या डिस्कवर दोन्ही कप्पे शंभर-शंभरचे होते. मी चुकीचा पुसला आणि त्यावरच नवीन विंडोज बसवलं.

तुम्हाला मी सांगितलं की डिस्क खराब झाली होती. डिस्क ठणठणीत होती. ती पुढे तीन वर्षं चालली, हे बाबांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. बाबा, तुमचा कुलवृत्तांत वह्यांमध्ये होता, तुम्ही तो पावसाळाभर बसून परत टाइप केलात आणि एक शब्द बोलला नाहीत. पण आईची 'सुनांची माहेरं' ही फाइल वहीत नव्हती. कुलवृत्तांतात बायकांपुढे फक्त लग्नानंतरचं नाव असतं, म्हणून आईने तो अख्खा हिवाळा फोन करकरून एकेकीचं माहेरचं नाव आणि गाव विचारलं होतं. साठेक नावं झाली होती. बाबा तिला म्हणाले होते, "आता कागद कशाला, थेट मशीनवर लिही." ते मी पुसलं. लांज्याची आत्या आणि साखरप्याची काकी तेव्हा होत्या, आता नाहीत.

हे दुसरं कारण. दिवाळीत माझ्याकडे परत दोनच दिवस होते, आणि मला त्या मशीनला घाईने हात लावायचा नव्हता. तुम्ही माझ्यापेक्षा सावकाश करता, म्हणून हे तुमच्या हातून होऊ दे.

आता काम. सकाळी नऊ-साडेनऊला बसा. मध्ये लाइट गेली तर आडवेळी अडकेल, म्हणून आदल्या रात्री इन्व्हर्टर पूर्ण चार्ज झालाय ना बघा आणि मशीनचा प्लग इन्व्हर्टरच्या बोर्डात लावा. टीव्ही आणि मिक्सर त्या वेळात नको. आई, चटणी आदल्या दिवशी वाटून ठेव.

आधी प्रत. काळ्या हार्डडिस्कवर कुलवृत्तांताचं पूर्ण फोल्डर कॉपी करा. कॉपी झाली यावर विश्वास ठेवू नका. डिस्क काढा, परत लावा, आणि त्या डिस्कवरून शेवटचं प्रकरण उघडून दोन पानं वाचा. शिवाय सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्सचं फोल्डर आहे, त्यातला तुमचा जुना मराठी फॉन्टही उचलून ठेवा. हे सहसा कोणी सांगत नाही. तुमची काही प्रकरणं युनिकोडमध्ये, म्हणजे आता कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठी अक्षरांत, नाहीत. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षर बसवलेलं असे, आणि प्रत्येकाची बसवण्याची रीत वेगळी. फॉन्ट गेला की आपल्या पूर्वजांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि टिंबं दिसतात. अपग्रेडमध्ये फॉन्ट जात नाही, पण माझ्यावर एकदा विश्वास ठेवून झालाय, आता ठेवू नका. प्रत झाली की काळी डिस्क काढून कपाटात.

मग विंडोज १० चालू असतानाच पेनड्राइव्ह लावा, तो उघडा, आतल्या 'सेटअप' या फाइलवर दोनदा टिचकी मारा. परवानगी विचारेल, हो म्हणा. पहिल्याच पडद्यावर अपडेट कसे उतरवायचे ते बदलण्याची एक बारीक निळी ओळ दिसेल. तिथे जाऊन 'नॉट राइट नाऊ' निवडा, नाहीतर तो आपल्या मोबाइलचं नेट खाऊन टाकेल. मग करारनामा. तो पूर्ण वाचायचा नाही, बाबा.

त्यानंतर 'रेडी टू इन्स्टॉल' असा पडदा येईल. इथे थांबा. चष्मा पुसा. त्यावर दोन ओळी हव्यातच: एक विंडोज ११ होम बसवण्याची, दुसरी 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स'. दोन्ही दिसल्या तरच 'इन्स्टॉल' दाबा. दुसरी ओळ नसेल, किंवा तिथे 'नथिंग' दिसत असेल, तर पडदा बंद करा आणि मला फोन करा. ऑफिसात असले तरी करा. ही ओळ सहसा भाषा जुळली नाही तर गायब होते. अमेरिकन इंग्रजी आणि ब्रिटिश इंग्रजी हे त्याच्या लेखी दोन वेगळे धर्म आहेत. तुमचं कुठलं आहे ते मी दिवाळीत लिहून आणलं होतं आणि तेच भरलंय, त्यामुळे ती दिसायला हवी.

पुढे एक-दोन तास तुमचं काही काम नाही. टक्के चढत जातील, मशीन दोन-तीनदा बंद होऊन चालू होईल, मधूनच पडदा नुसता काळा राहील आणि वाटेल की संपलं सगळं. बटण दाबू नका. झोपाळ्यावर जाऊन बसा. एकच धोका सांगून ठेवते: मशीन परत चालू झाल्यावर भाषा आणि कीबोर्ड निवडा असा पडदा आला तर ते चुकून पेनड्राइव्हवरून सुरू झालंय. 'नेक्स्ट' करू नका. पेनड्राइव्ह उपसून काढा आणि मशीन परत चालू करा, ते आपल्या मूळ वाटेला लागेल. बायोसमध्ये मी डिस्क पहिली लावून ठेवलीय, त्यामुळे असं व्हायला नको.

किल्ली लागणार नाही. विंडोज १० चा परवाना मशीनलाच चिकटलेला आहे, तोच पुढे चालतो. पंचांगातली पंचवीस अक्षरं आता नुसती आठवण म्हणून उतरवा.

झाल्यावर स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यातून उठून मधोमध आलेलं दिसेल. तुम्ही चिडाल. टास्कबारच्या सेटिंगमध्ये ते परत डावीकडे नेता येतं, मी फोनवर सांगेन. मराठी कीबोर्ड जिथे होता तिथेच राहील, विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून पूर्वीसारखीच भाषा बदलेल. आणि अगदीच पटलं नाही तर दहा दिवसांच्या आत सेटिंगमधल्या 'रिकव्हरी'तून 'गो बॅक' करून परत दहावर जाता येतं. जुनं विंडोज तोवर 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरात पडून असतं. ते खूप जागा घेतंय म्हणून पुसू नका, स्वतःहून जाईल.

आई, मी डिसेंबरात येतेय, यावेळी आठ दिवस. येताना एक कोरी वही आणते. मला आठवतायत तेवढी माहेरची नावं परवा रात्री लिहून काढली. अकरा झाली. आजीचं लिहिलं, तिच्या सासूचं आठवेना. तुला विचारायचं धाडस इतकी वर्षं झालं नाही, आणि फोनवर अजूनही होणार नाही, म्हणून इथे लिहिलं. कोण कोण आहे अजून, कोणाकडे जाऊन बसता येईल, तेवढं आठवून ठेव. गाडीचं मी बघते.

तुमची,
बाय

ता. क. सोऱ्याची जाड शेवेची चकती मला सापडत नाहीये, बहुतेक तिकडेच आहे. आणि काम झालं की पेनड्राइव्ह फॉरमॅट करून भजनं भरू नका, शेजारच्या काकांचं मशीनही आठव्या पिढीचं आहे.