बंद पडलेली एक शाळा आम्हाला द्या

मा. संपादक, नमस्कार.

डिसेंबर आला की पणजीच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाच्या बातम्यांनी पेपर भरून जातो, 2016 पासून बघतोय, आणि मी स्वतः पणजीला जुन्या जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) बिल्डिंगीत दोन-तीनदा फिरून आलोय, आवडतं मला, उगाच नावं ठेवायला हे पत्र नाही. पण फेस्टिव्हल आटपला की पुढचं वर्षभर आमच्या डिचोली-सत्तरीकडच्या चित्रं काढणाऱ्यांनी जायचं कुठे?

माझ्या वहिनीचंच सांगतो. तिचं माहेर गणपतीच्या चित्रशाळेवाल्यांचं, चवथीच्या आधी महिना-दीड महिना ती तिथे फक्त डोळ्यांची आखणी करते, माती मळणं, रंग देणं बाकीचे करतात पण डोळे तिचेच, कारण हात जरा हलला की गणपती तिरळा. उरलेल्या वर्षात ती खाकी कागदावर तेच डोळे हे एवढे मोठे काढते, बायकांचे, म्हशींचे, एकदा तर आमच्या मांजराचे. ती चित्रं घेऊन आम्ही एका गॅलरीत गेलो तर म्हणाले छान आहे, पण हे क्राफ्ट झालं, आर्ट नाही. वर इंग्रजीत आर्टिस्ट स्टेटमेंट लिहून आणा, फ्रेम तुमच्या खर्चाने, विकलं तर कमिशन आमचं. आणि ओपनिंग संध्याकाळी, म्हणजे शेवटची कदंबा बस चुकली की रात्र मित्राकडे काढायची. वहिनी येताना बसमध्ये एक शब्द बोलली नाही.

मग आमच्याकडे चार-पाच जणांनी मिळून एक जुनं घर भाड्याने घेतलं. एक रिटायर झालेले ड्रॉइंगचे सर, दोन आल्तिनोच्या आर्ट कॉलेजातून शिकून आलेली पोरं, एक नर्स, आणि हिशोब ठेवायला मी. संस्था रजिस्टर केली, नफा-बिफा काही नाही, चित्र विकलं गेलं तर पैसे सगळे काढणाऱ्याचे आणि दारातल्या डब्यात ज्याला जे टाकायचं ते टाकावं. फॉर्म भरायचा असेल तर शेजारी बसून आम्ही भरून देतो, मराठीत सांग नाहीतर कोकणीत सांग. धनगरवाड्यावरची एक मुलगी येते, कोळशाने गुरं काढते. ऐकू न येणारा एक मुलगा पुठ्ठ्याची जहाजं करतो. एका म्हाताऱ्या गवंड्याला कावी येते हे तर आम्हाला माहीतच नव्हतं, त्याने मागच्या भिंतीवर चुन्याचा थर दिला, वर तांबड्या मातीच्या रंगाचा, आणि ओलं असतानाच खिळ्यासारख्या टोकाने खरवडून आतला पांढरा काढत काढत वेल उठवली, चहा प्यायलासुद्धा थांबला नाही. देवळाच्या भिंतीवर हे लहानपणापासून बघत आलो, करताना पहिल्यांदा बघितलं. वहिनीचं पहिलं प्रदर्शन तिथेच झालं, पडवीत, दोऱ्यांना चिमटे लावून.

आता मालकाला घर होमस्टेला द्यायचंय. त्याला दोष नाही, आम्ही देतो त्या भाड्यात त्याचं काय होणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की पटसंख्या नाही म्हणून गावागावांत मराठी प्राथमिक शाळा बंद पडल्यात, त्यांच्या इमारती तशाच उभ्या आहेत, व्हरांडा आहे, संडास आहे, भिंतीला फळा आहे, आणि पाऊस छपराचा एक-एक नळा, म्हणजे कौल, खाली आणतोय. त्यातली एक आम्हाला वापरायला द्या, फुकट नको, झेपेल ते भाडं देऊ. सांखळीचं रवींद्र भवन चांगलं आहे पण ते नाटका-कार्यक्रमांचं, महिनाभर एका भिंतीवर काम करत बसणाऱ्याला तो हॉल काय कामाचा? खर्चाचं म्हणाल तर 2013 च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामाला द्यायचे आहेत आणि त्या कामांच्या यादीत पारंपरिक कला आणि हस्तकला स्पष्ट लिहिलेली आहे, आमच्या तालुक्यात खाणवाले काय कमी आहेत, लाईटचं बिल कोणीतरी भरेल. पण मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, जागा कुठाय?

अर्ज घेऊन दोन ऑफिसांत फिरलो, हे म्हणतात त्यांच्याकडे जा, ते म्हणतात यांच्याकडे. शाळेची चावी नक्की कोणाच्या टेबलाच्या खणात आहे तेवढं तुमच्या वाचकांपैकी कोणाला माहीत असेल तर कळवा. जरा लवकर, नळे परतणारा माणूस पावसाच्या तोंडावर मिळत नाही.

तुमचा एक वाचक,
डिचोली