सगळं एकदम दळू नकोस, बंड्या

मिसिसागा, कॅनडा
८ फेब्रुवारी, रविवार

प्रिय बंड्या,

तुझा फोटो पाहिला. झिपवाल्या पातळ पिशवीत हिरवट तपकिरी भुकटी, आणि खाली तुझी तक्रार : सहा आठवड्यांत वास गेला, घसा खरवडतो, दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला. आधी मला वाटलं वहिनींच्या सुंठपुडीचाच फोटो पाठवलायस. मग फोनवर तू कबूल केलंस, की सेलमध्ये २८ ग्रॅम गांजा घेतला आणि 'रोज कोण दळत बसणार' म्हणून सगळा एकदम मिक्सरच्या चटणीच्या भांड्यातून काढला. चटणीच्या भांड्यातून! वहिनींनी तुला अजून घरात ठेवलंय याचंच मला नवल वाटतं.

फोनवर तू ऐकून घेत नाहीस, मध्येच क्रिकेटवर जातोस. म्हणून लिहितोय.

आमची आजी जायफळ कधी कुटून ठेवायची नाही. श्रीखंड करायचं ठरलं की डब्यातून ते अख्खं बोंड काढायची, किसणीवर चार-पाच वेळा घासायची आणि परत डब्यात टाकायची. एक जायफळ वर्षभर पुरायचं आणि शेवटच्या चिमटीलाही पहिल्यासारखा वास. मी एकदा शहाणपणा करून अख्खं किसून ठेवलं, तर संक्रांतीपर्यंत त्याचा लाकडाचा भुसा झाला होता. बडचंही, म्हणजे गांजाच्या वाळवलेल्या फुलांच्या गोंड्याचंही, हेच आहे. अख्खं ठेवायचं, लागेल तेवढंच भरडायचं. बाकी मी खाली जे काही लिहिलंय ते याचंच लांबण आहे.

बड हातात घेऊन भिंगातून बघ. माझ्याकडे तीसपट दाखवणारं आहे, पाच-सहा डॉलरचं. पाकळ्यांवर साखर सांडल्यासारखं जे दिसतं, ते जवळून पाहिलं तर काचेच्या टाचण्या उभ्या केल्यासारखं असतं : बारीक देठ आणि वर गोल डोकं. हे ट्रायकोम. टीएचसी (नशा आणणारं द्रव्य), वासाची तेलं, सगळा ऐवज त्या डोक्यांत. आपल्याकडे हाताला चोळून चरस काढतात तो याच डोक्यांचा. अख्ख्या बडमध्ये यातली पुष्कळशी डोकी आतल्या घड्यांत झाकलेली असतात. तू मिक्सर फिरवलास, म्हणजे ती सगळी एका दमात फोडून हवेवर टाकलीस, वर पात्याची उष्णता दिलीस, आणि उरलीसुरली प्लॅस्टिकच्या पिशवीला आतून चिकटली. पिशवी उजेडात धरून बघ, आतल्या बाजूला चंदेरी धूळ दिसेल.

दुकानदाराचा दोष किती? थोडा असेलही. डब्यावर पॅक केल्याची तारीख छापलेली असते, ती न बघता सेलचं घेतलंस. मी पाच महिन्यांपेक्षा जुनं असेल तर घेतच नाही. मिसिसिपी विद्यापीठात साठवून ठेवलेला माल वर्षानुवर्षं मोजला गेला, तेव्हा खोलीच्या तापमानाला पहिल्या वर्षात टीएचसी साधारण १७ टक्क्यांनी उतरलं आणि चार वर्षांत ४१ टक्क्यांच्या आसपास. हवा लागून त्याचं सीबीएन हे कमी जोराचं द्रव्य होतं. म्हणजे जोर उतरायला वेळ लागतो. वास मात्र फार आधी पळतो, कारण ती तेलं मुळातच उडणारी : वाळवून ठेवलेल्या बडमधलं निम्म्याहून जास्त तेल तीन महिन्यांत गेल्याचंही तिथेच मोजलं होतं. त्यामुळे तुझी 'चव गेली' ही तक्रार खरी आहे. फक्त ती पिशवीकडे कर.

आता जागा. तू तो डबा खिडकीत ठेवतोस, मी डिसेंबरात आलो तेव्हा पाहिलंय. लंडनमध्ये १९७६ साली काही औषधशास्त्रज्ञांनी याच प्रश्नावर काम केलं होतं आणि त्यांचा निष्कर्ष असा, की सगळ्यात जास्त नुकसान उजेड करतो, त्याखालोखाल हवा. तेव्हा खिडकीत ठेवणं बंद. कपाटात, खालच्या फळीवर, हीटरच्या झडपेपासून लांब.

आणि बाबा, तू कॅल्गरीत राहतोस. इथे तळ्याकाठी आमची हवा निदान दमट तरी असते. तुमच्याकडे उणे पंचवीस आणि आत भट्टी चालू, ओठ फुटतात, दाराच्या कडीला हात लावला की करंट बसतो, मग उघड्या बडचं काय होणार? दोन दिवसांत चुरा. काचेचा जार घे. लोणच्यासाठी आपण बर्नार्डिनचे घेतो तेच चालतात, पाव लिटरचे, शक्यतो गर्द रंगाची काच. नसेल तर साधा जार जुन्या मोज्यात घाल, मी तेच करतो, हसू नकोस. जार पाऊणएक तरी भरलेला हवा. लिटरभराच्या जारमध्ये तळाला दोन बड लोळत असले, की उरलेली सगळी हवाच साठवलीस. आणि झाकण घट्ट फिरकीचं. दादरा बांधायला हे काही मोरांबा नव्हे.

आत एक ओलावा सांभाळणारी पुडी टाक. बोव्हेडाची मिळते, ५८ किंवा ६२ असा आकडा छापलेला असतो. तो जारमधल्या हवेतली आर्द्रता, टक्क्यांत. पुडीत मिठाचं पाणी असतं आणि पापुद्र्यातून फक्त वाफ आत-बाहेर करते : कोरडं झालं तर देते, ओलं झालं तर ओढून घेते. तुझ्याकडे ६२ लाव. पुडी कडक होऊन आत खडे लागायला लागले की बदलायची. बड बोटांत दाबलं की किंचित स्पंजासारखं परत फुगलं पाहिजे आणि देठ मोडताना बारीक 'कट्' झालं पाहिजे, एवढी परीक्षा पुरते. गेलेला वास मात्र पुडी परत आणत नाही, ओलावाच तेवढा आणते.

ओलाव्यासाठी जारमध्ये संत्र्याची साल टाकायचा सल्ला तुला कोणी ना कोणी देणारच. मला दिला होता, मी ऐकला. दुसऱ्या वर्षीची गोष्ट, घरच्या झाडाचं पहिलं पीक, सहा महिने पोरासारखं सांभाळलेलं. एक साल टाकली आणि आठवडाभर विसरलो. झाकण उघडलं तर ओल्या गोणपाटाचा वास. बडवर पांढरं दिसत होतं, मला वाटलं वा, ट्रायकोम फुललेत. भिंगातून पाहिलं तर टाचण्या कुठल्या, कोळ्याच्या जाळ्यासारखी राखाडी लव. बुरशी. सगळा जार कचऱ्यात. हे 'बुरशी तेवढी काढून टाकू, बाकीचं वापरू' असं करायचं नसतं, फुप्फुसात जाणारी वस्तू आहे. त्या रात्री मी खरंच जेवलो नाही.

ग्राइंडर तुला मीच देतो, पार्सल उद्या निघेल. ॲल्युमिनियमचा, चार मजली. पहिल्या दोन मजल्यांत दात, मग चाळणी, तळाशी किफ, म्हणजे गळलेल्या ट्रायकोमची धूळ, साठायची वाटी. बड हाताने तोडून कडेच्या दातांत ठेव. मधोमध लोहचुंबकाचा खुंट असतो, तिथे काही कापलं जात नाही. काठोकाठ भरू नकोस. आठ-दहा वेळा फिरव, थांब. तुझ्या व्हेपोरायझरला (न जाळता तापवून वाफ काढणाऱ्या यंत्राला) जाड्या रव्याएवढं हवं. त्याहून बारीक पाहिजेच असेल तर ग्राइंडर उलटा धरून फिरव, म्हणजे भोकांतून लगेच खाली पडत नाही. कागदात गुंडाळणाऱ्यांना त्याहून भरड लागतं. पीठ कोणालाच नको, पीठ जाळीत बसतं आणि धूर कडू येतो. एका वेळेपुरतं दळ. फार तर संध्याकाळपुरतं.

महिन्याभरात आट्यांत राळ बसेल आणि झाकण हलेनासं होईल. पक्कड घेऊ नकोस! अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेव, राळ ठिसूळ होते, जुन्या टूथब्रशने झाड आणि पडेल ते कागदावर धर. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, धू, पूर्ण वाळव. बड मात्र फ्रीझरमध्ये ठेवू नकोस. त्याच ठिसूळपणाने ट्रायकोमची डोकी नुसत्या हलवण्यानेच गळतात. आणि फ्रीजमधून रोज आत-बाहेर केलं की पाणी धरतं, मग परत माझीच बुरशीची कथा.

एक मात्र दटावून सांगतो. पोरगी आता खुर्चीवर चढते. जार कुलपाच्या पेटीत गेला पाहिजे, आणि तुझी ती गांजाच्या गमीची, चघळायच्या गोळ्यांची, डबी तर आजच्या आज. ती तिला खाऊच वाटणार.

मे महिन्यात मी येतोय, बॅन्फच्या सहलीचं नक्की कर. देशातल्या विमानात ३० ग्रॅमपर्यंत चालतं, तेव्हा यंदाच्या झाडाचं थोडं घेऊन येईन. दिवाळीला पुण्याला जाशील तेव्हा मात्र बॅगेचे कप्पे, जॅकेटचे खिसे, सगळं झटकून जा. ग्राइंडरसुद्धा घरी ठेव. इथलं कायदेशीर तिथे नाही, आणि तुझा विसराळूपणा मला हॉस्टेलपासून ठाऊक आहे.

त्या भुकटीचं काय, असं तू विचारशीलच. फेकू नकोस. छोट्या जारमध्ये दाबून भर, पुडी टाक, आणि आधी तीच संपव. आणि वहिनींना मिक्सरचं नवं भांडं आणून दे. जुन्यात चटणी वाटू नका.

तुझा जुना रूममेट

ता.क. पार्सलमध्ये ग्राइंडरबरोबर अख्खी जायफळं दोन टाकली आहेत. ती वहिनींना दे.